निर्जन बेटावरची हाक

परवा देवासच्या बाजारात काथ्याच्या ओल्या दोराचा वास आला आणि मी थेट अंदमानला पोचले. हे निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी शिडाची बोट घेतली होती. सलग तीन हिवाळे आम्ही दोघंच तिच्यावर राहून बेटांमधून हिंडलो.

एका दुपारी वारा पडला, म्हणून एका निर्जन बेटाजवळ नांगर टाकला. पाणी जराही हलत नव्हतं, एक पक्षीसुद्धा ओरडत नव्हता. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, "ओ भिया, इधर आओ नी!"

"अगं, हा तर आपल्या माळव्याचा माणूस!" म्हणत हे लहान होडी घेऊन निघालेसुद्धा.

मी दुर्बीण लावली. वाळूवर हे एकटेच उभे होते, ओठ मिटलेले, झाडीकडे पाहत. आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून, रिकाम्या समुद्रावरून, ह्यांच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "सुमन, ये ना."

मी वळले नाही. हे परत फिरेपर्यंत नुसता भोंगा वाजवत राहिले.

बोटीवर चढताना ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तू झाडीतून मला का बोलवत होतीस?" ह्यांनी विचारलं. मी नांगर ओढायला लागले.

तेव्हा वाटलं होतं, वाचलो. हे जाऊन आता दोन वर्षं झाली. हल्ली वाटतं, ती हाक पुन्हा आली तर मी नक्की वळेन.