तिसऱ्या चिपचा वाकलेला पाय

माझे वडील, दौलत सावंत, चोर नाहीत. हे वाक्य मी एकतीस वर्षं तोंडात धरून फिरले आहे, म्हणून सुरुवात त्यानेच करते.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत पलंगाखाली व्हिडिओ गेमचे बोर्ड रचलेले असत. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा हे काम स्वतःच्या डोक्याने शिकले. तेव्हा लालबाग-परळमध्ये गेम पार्लर जोरात होती आणि मशीन बंद पडलं की बाबांना बोलावणं येई. आता सत्तरीला टेकलेत, तरी जुन्या मशिनांचे शौकीन अजून त्यांनाच शोधत येतात.

बाबांची एक सवय होती. या बोर्डांवर मेमरीच्या आठ चिपा रांगेने सॉकेटात बसवलेल्या असतात. चिप बसवून झाली की बाबा आईच्या लाल नेलपॉलिशचा थेंब असा लावत, की अर्धा चिपवर पडेल आणि अर्धा सॉकेटवर. मागाहून कोणी चिप उपटली तर थेंब तडकणारच. आई करवादायची, "माझ्या नखांक थेंब उरूचो नाय!"

चौऱ्याण्णव साली बाबांनी दुरुस्त करून दिलेलं एक मशीन आठवड्यात बंद पडलं. पार्लरचा मालक जगदीश परब. सगळे त्याला शेठ म्हणत, मी म्हणणार नाही. तोच आमच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाच्या सभेत तो उभा राहून म्हणाला, दौलतने माझ्या चांगल्या चिपा काढून खराब बसवल्या. मग त्याने नारळ आणून टेबलावर ठेवला. "हात ठेव आणि शपथ घे."

बाबा म्हणाले, "बोर्ड आणा, उघडून दाखवतो." बोर्ड आणला नाही. बाबांनीही नारळावर हात ठेवला नाही. न केलेल्या गोष्टीसाठी देवाला साक्षीला उभं करायचं नाही, ही आजोबांची शिकवण. पण सभेतली सगळी माणसं कोकणातली. नारळाला हात लावत नाही म्हणजे याने केलंच, असा त्यांचा सरळ हिशोब. बाबांचं नाव मंडळातून कापलं गेलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. प्रसादाच्या रांगेत पुढची बाई मागे वळून म्हणाली, "चोराची गो ही." बाबा त्या मांडवात पुन्हा गेले नाहीत.

जगदीशचं वाटोळं होऊ दे, असं मी दर चतुर्थीला मागितलं. देवाकडे असलं मागू नये हे कळत होतं. तरी मागितलं.

यंदा गणपतीच्या तोंडावर गॅब्रिएलकाका एक बोर्ड घेऊन आले. माझगावचे, गोदीतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन, मंडळाची लायटिंग तेच बघतात. मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष, मांडवात जुन्या गिरणगावचा देखावा, आणि त्यात अध्यक्ष जगदीश परब यांचं गेमचं मशीन, चालू स्थितीत. तसा बॅनरही छापून झाला होता.

"एवढी वर्षं माळ्यावर पडला होता रे," काका म्हणाले. "कोणाकडे देतोस, ते पण विचारलं नाही त्याने."

बाबांनी बोर्ड उलटा केला, सुलटा केला आणि खुर्चीत बसले. आठही चिपांवर लाल ठिपके होते.

मग त्यांनी वीज दिली. पडद्यावर सगळीकडे सारख्या उभ्या रेघा आल्या. "एकच चिप दगा देतेय," बाबा म्हणाले, "तिसरी." तिच्या पाठीवर त्यांनी चांगली चिप दाबून धरली. मेलेल्या चिपचं काम वरची करते आणि चित्र सुधारतं. इथे रेघा तशाच राहिल्या. म्हणजे चिप मेली नव्हती, तिचा खालचा संपर्क तुटला होता. बाबांनी भिंग माझ्या हातात दिलं. सात ठिपके अखंड होते. तिसरा मधोमध तडकलेला, आणि त्याचे दोन अर्धे एकमेकांना जुळत नव्हते. चिपचा एक पाय सॉकेटात न जाता पोटाखाली दुमडला होता. कोणीतरी चिप उपटली होती आणि घाईत परत खुपसली होती, म्हणून मशीन बंद पडलं होतं.

"दोन मिनिटांचं काम," काका म्हणाले. "कर ना सरळ."

"नाय," बाबा म्हणाले. "अक्षदा, खालून एक नारळ आण."

मी जिना धावत उतरले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मांडवात कार्यकर्ते जमले होते. बाबांनी बोर्ड जगदीशसमोर ठेवला, बाजूला नारळ. काकांनी टॉर्च मारून ठिपके दाखवले, एकेकाला जवळ बोलावून. जुन्या माणसांना नेलपॉलिशची सवय आठवत होती.

"आठही चिपा मी बसवलेल्याच आहेत, एकही खराब नाही," बाबा म्हणाले. "ही तिसरी कोणी उपटली, जगदीशशेठ?"

"मला काय माहीत? मी हात नाही लावला."

"मग नारळाला लावा."

जगदीशने इकडेतिकडे पाहिलं. "असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."

"तेव्हा होता," बाबा म्हणाले.

त्याचा हात खुर्चीवरून हलला नाही. मी मनात वीस आकडे मोजले. मग बाबांनी खिशातून चिमटा काढून त्याच्यासमोर ठेवला. "पाय तुम्ही वाकवलात, तुम्हीच सरळ करा." नारळ उचलून आम्ही घरी आलो. आईने विचारलं, "हात ठेवलान?" बाबा म्हणाले, "नाय." तिने नारळ फोडला, चटणी वाटली, आणि बाबांनी ती दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसं बाबांना आरतीचं बोलावणं घेऊन आली. मशीनचा विषय कोणी काढला नाही. बॅनर लागला होता, म्हणून ते बंद मशीन मांडवातून हलवताही येईना.

गणपतीच्या पाचव्या दिवशी आम्ही तिघं आरतीला गेलो. दर्शनाच्या रांगेत एका बाईंनी विचारलं, "चालू म्हणून लिहिलंय, मग हे बंद का?" मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. जगदीश शेजारच्याच खुर्चीत अध्यक्षाचा बिल्ला लावून बसला होता, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं.