कोंबडीखालचं बेट

आमच्या मालकांचं साता समुद्रापलीकडचं बेट आमच्या कोंबडीनं बुडवलं. मी फकस्त तिला जागा दाखवली.

आता तुमी म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू द्या, पण ऐका. तवा निजामाचं राज व्हतं, मोठी लढाई पेटायची व्हती, आन् मी नुकती नांदायला आलेली. हिंगोलीला जिन व्हतं, म्हंजी कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथं एक गोरा साहेब. आमचे मालक त्या साहेबाच्या हाताखाली कामाला. काम काय? तर साहेबाच्या काठ्यांचा भाता खांद्यावर घेऊन त्याच्या मागं मागं चालायचं! जुन्या पलटणीच्या मैदानावर साहेब रोज एक पांढरा चेंडू काठीनं मारायचा, चेंडू जाईल तिकडं चालत जायचा, परत मारायचा, आन् लई वेळानं एका बिळात घालायचा.

"मंग पयलेच हातानं नेऊन बिळात काहून न्हाई टाकत?" आमच्या आत्याबाईंनी विचारलं. (आत्याबाई म्हंजी माझी सासू. बाई गरीब, पण सवाल लई!)

"आई, तो खेळ हाय. त्याला गॉफ म्हणतेत."

"गोफण म्हण की."

"गोफण न्हाई. गॉफ."

"तेच ते. गोऱ्याच्या जिभेला ण येत नसल!"

झालं. आत्याबाईंच्या मनात बसलं की साहेबाला पाखरं हाकायची हायेत, आन् बिचाऱ्याजवळ धड गोफण न्हाई म्हणून तो काठ्या फिरवून राहिला. तीन दिवस बसून त्यांनी अंबाडीची गोफण वळली. टोकाला तांबडा गोंडा लावला. मालक नको नको म्हणत व्हते. पण आईपुढं कोणाचं चाललं? गेले घेऊन, लाजत लाजत.

साहेब लई खुश! त्यानं गोफणीत दगड न्हाई, आपला तो पांढरा चेंडू घातला, डोक्याभवती गरागरा फिरवला आन् सोडला. पुढं सोडायचा तो गेला मागं! मागं मडम चहा पीत बसलेली. किटली फुटली, चहा झग्यावर सांडला, आन् साहेब मैदानात फतकल मारून हसून राहिला. (मडम न्हाई हसली म्हणं.) त्याच हसण्यात साहेब म्हणाला, "केरबा, तू आमच्या संगं बेटावर चल."

साहेबाला थंडीत चार महिन्यांची सुट्टी मिळायची व्हती. तेवढ्यात तो मडमेला घेऊन एका बेटावर जायचा व्हता, आन् तिथं सकाळ-संध्याकाळ तोच खेळ! काठ्या उचलायला, आन् दोस्तांना गोफण दाखवायला, त्याला आमचे मालक पायजे व्हते.

मालक घरी आले ते उडतच. जेवायला बसले आन् परातीत आमटी वतली.

"हा बघ समुद्र," मला म्हणाले. भाकरीचा तुकडा मधी ठेवला. "आन् हे बेट."

"नाव काय त्याचं?"

"सायपरस."

"रस हाय म्हंजी ऊस आसल," आत्याबाई म्हणाल्या.

"आन् पाण्याचा रंग म्हणं निळ्या शाईवानी," मालक मला म्हणाले. "तुला बाटली भरून आणतो." असं सांगता सांगता त्यांनी बेट उचललं, समुद्रात बुडवलं आन् खाऊन टाकलं! हा माणूस तवापर्यंत औंढ्याच्या नागनाथापुढं गेला नव्हता. पण त्या दिवशी त्यांचं तोंड असं झालं व्हतं, जसं दिवाळीत कोरं धोतर नेसलेल्या पोराचं.

गावात बातमी फुटली. पण कशी? "केरबाला बेटावर नेऊन राहिले." आमच्या गावाला बेट एकच ठावं, काळ्या पाण्याच्या सजेचं! दुसऱ्या दिवशी शेजारची सखूबाई तोंडाला पदर लावून दारात.

"कोणाला मारलं गं त्यानं?"

"कोणालाच न्हाई, अक्का. काठ्या उचलायला चाललेत."

"अरे देवा! काठ्यांनी मारलं व्हय?"

"मारलं न्हाई हो! साहेबाचा खेळ हाय, सुट्टी हाय."

"असंच सांगतेत पोरी, बाईमाणसाला," म्हणून तिनं माझी पाठ चोळली, आन् दुपारी दुखवट्याच्या घरी देतेत तसं भाकर-पिठलं घेऊन आली. मागोमाग चार बाया आल्या, रडून गेल्या. मालक ओसरीवर बसून ते पिठलं खाऊन राहिले व्हते. "चांगलं झालंय अक्का, मिरची जरा कमी," म्हणाले!

मी पण हसले. हसले खरी, पण जात्यावर बसले की हात थांबायचा. काळ्या पाण्यावर गेलेला माणूस माघारी आलेला आमच्या गावानं पाहिला नव्हता. आन् मला दिवस गेले व्हते. कोणाला सांगितलं नव्हतं अजून. मी एवढंच धरून बसले, की ह्या माणसाला पाण्यावर जाऊ द्यायचं न्हाई.

आता कोंबडीचं. मालकांनी साहेबाचा एक जुना चेंडू घरी आणला व्हता, कोनाड्यात ठेवला व्हता. मला काय ठावं? पांढरं, गोल. मला वाटलं साहेबाच्या देशातलं अंडं! अंगावर बारक्या खळ्या व्हत्या, मी म्हणलं, देवी आली आसल कोंबडीला. आमची कवडी कोंबडी तवा खुडूक बसायला टेकली व्हती, तिच्या रिकाम्या टोपलीत नेऊन ठेवला. मालकांनी पाहिलं आन् पोट धरून हसले.

"अगं येडे, ते अंडं न्हाई!"

काढायला गेले तर कोंबडीनं असा पंख फुगवला, की हात माघारी. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "बघू साहेबाचं पिल्लू टोपी घालून निघतं का!"

चार दिवसांनी हैदराबादेहून कागद आला. त्याच्यावर शिक्का, मालकांचा अंगठा, मालकांचा फोटो. त्याच्याबिगर जहाजात घेत न्हाईत म्हणं. त्यांनी दोन्ही हातांनी तो कागद मला दिला, जसा देवाचा अंगारा.

"जपून ठेव बरं. हा गेला तर बेट गेलं."

मी लई जपून ठेवला. कोंबडीच्या खाली.

निघायच्या दिवशी साहेबाचा चपराशी टांगा घेऊन दारात. मालक नवे जोडे घालून तयार. (जोडे साहेबाचेच, दोन बोटं मोठे. पुढं चिंध्या कोंबल्या व्हत्या.)

"आण गं कागद."

मी घरात गेले, बाहेर आले. "दिसत न्हाई."

मंग काय विचारता! कणग्या उपसल्या, गोधड्या झटकल्या, देव्हाऱ्यातले देव उठवले. चपराशी वरडून राहिला, "कागद कां है रे केरबा? गाडी निकल जाती!" सगळ्यांत जास्ती मीच शोधलं! चुलीतली राख सुदिक उकरली मी. चपराश्यानं टोपलीत हात घातला, तर कवडीनं त्याचं बोट फोडलं. "ये तो मडमसाब से भी गरम है!" म्हणून तो बोंबलत मागं सरला. माझा जीव तिथं टोपलीत. आत्याबाई तेवढ्यात कवडीम्होरं चार दाणे टाकून गेल्या.

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. चपराशी गेला. मालक ओसरीवर बसले, आन् एकेक जोडा काढून त्यातल्या चिंध्या बाहेर काढून राहिले. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई. मी कोंबडीला पाणी ठेवलं.

एकविसाव्या दिवशी कवडी उठली, पंख झटकले, आन् उकिरड्यावर निघून गेली. जसं काही झालंच न्हाई! टोपलीजवळ मालक पयले गेले. चेंडू तसाच. कागदाचा भुगा. फोटोतला एक डोळा तेवढा शिल्लक, बाकी सगळं कोंबडीनं घाण करून ठेवलेलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीकडं पाहिलं.

"बराबर जपला तिनं," म्हणाले.

बस. एवढंच. चेंडू धुतला, कोनाड्यात ठेवला, आन् रानात गेले. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. पण पुन्हा त्या गोष्टीचं नाव न्हाई. फकस्त जेवताना गाडीची शिट्टी झाली, की त्यांचा घास जरा थांबायचा.

साहेब उन्हाळ्यात माघारी आला, भाजलेल्या वांग्यावानी तांबडा होऊन. राग धरला न्हाई त्यानं. म्हणाला, "केरबा, पुढच्या थंडीत परत जाऊ." मालक मला सांगायला आले. मी म्हणलं, "ह्या वक्ताला कागद मी पदरात बांधून ठेवते. जावा तुमी." खरंच म्हणलं व्हतं. माझं सातव्या महिन्याचं पोट बघून ते हसले. "तवर लेकरू पण मोठं होईल," म्हणाले. "त्याला बी एक बाटली आणतो."

बाळंतपणाला मी माहेरी गेले. माहेर कयाधू नदीच्या पल्याड, फार लांब न्हाई. जेठात पोरगी झाली. पण आषाढभर नदी अशी भरून चालली, की बारशाला त्यांना येता आलं न्हाई. पोरीचं तोंड पाहिलेलं नव्हतं त्यांनी. रोज कोणाला तरी त्यांच्या काठावरून हाका मारायला लावायचे, "कोणावर गेली?" आन् माझा भाऊ आमच्या काठावरून वरडायचा, "नाक तुमचंच हाय, दाजी! बाकी बरी हाय!"

श्रावणात पाणी उतरलं. गुडघ्याएवढं. मालक निघाले. अर्ध्यात आले, आन् वरल्या अंगाला कुठं पाऊस झालता, त्याचा लोंढा आला. समुद्राला भिऊन ज्याला मी घरात ठेवला, त्याला गुडघाभर पाण्यानं नेला.

दोन दिवस गाव काठानं हिंडलं. तिसऱ्या दिवशी एक भोई माझ्या भावाच्या दारात आला. खाली मान घालून म्हणाला, "बाई, खालच्या अंगाला, नदीच्या मधल्या बेटावर घावले."

बेटावर.

आन् मला, देवा माफ कर, हसू फुटलं. तोंडावर पदर दाबला तरी थांबेना. मांडीवर पोरगी, भवती माणसं, आन् मी हसून राहिले. बाया म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं. मी कोणाला कसं सांगू? कागद न्हाई, फोटो न्हाई, शिक्का न्हाई, तरी माणूस गेलाच की बेटावर!

धोतराच्या कनवटीला तो चेंडू तसाच व्हता. पोरीला खेळायला आणत व्हते.

मी पोरीला घेऊन सासरी आले, तवा सखूबाई परत भाकर-पिठलं घेऊन आली. ह्या वक्ताला तिनं काही विचारलं न्हाई. साहेब पण आला व्हता. टोपी काढून अंगणात उभा राहिला. थोड्या वेळानं गेला. मंग लढाई लागली, तो बी कुठं गेला ठावं न्हाई.

लई महिन्यांनी, आमी दोघी जात्यावर समोरासमोर बसलो व्हतो. आत्याबाई खुंटा धरूनच म्हणाल्या, "मला ठावं व्हतं."

"काय, आत्याबाई?"

"कागद कुठं व्हता ते. मी रोज तिच्या चोचीम्होरं दाणे टाकीत व्हते. उठू नये म्हणून."

त्यांनी मूठ वतली, मी जातं फिरवलं. त्या गेल्या तवर पुन्हा तो विषय आमच्यात निघाला न्हाई.

पुढं निजामाचं राज गेलं, पोरीचं लगीन झालं, पोरीला पोरी झाल्या. चेंडू माझ्या पेटीत हाय. पिवळा पडला, एका अंगानं फुटला. मागल्या दिवाळीला नात पेटी झाडत व्हती, तिच्या हाताला लागला.

"आजी, काहून ठेवलंस हे? टाकून दे की. ह्यातून काय निघणार हाय?"

मी म्हणलं, "आण इकडं." आन् घेतला पदराखाली.

तिचं बराबर हाय. कोंबडी आडाणी, तरी तिला एकवीस दिवसांत कळलं की ह्यातून काही निघत न्हाई, आन् उठून गेली. मी मातुर अजून बसलेय!