काळी ओल
गोरेगावात इंग्रजी अडलं की उत्तमरावांकडे जायचं, हे ठरलेलंच. औषधाची बाटली असो नाहीतर बँकेचा कागद, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला हा माणूस "ठाऊक नाही" असं कधी म्हणाला नाही. तीच खोड नडली.

विहिरी खोल करणारा जमील उन्हाळ्यात एक यंत्र घेऊन आला. भंगारात मिळालेलं, कोळशाच्या खाणीतलं, मुठीएवढं, छोटा भोंगा असलेलं. त्यावर 'ब्लॅक डँप' अशी अक्षरं होती.

"सर, ह्ये काय सांगून राहिलं?"

उत्तमराव खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "ब्लॅक म्हणजे काळी, डँप म्हणजे ओल. काळीतली, म्हणजे जमिनीतली ओल दाखवत असणार. वाजलं की पाणी जवळ."

जमील हरखला. 'ओल लागली' याहून गोड शब्द विहीर खणणाऱ्याला दुसरे नाहीत. तोवर तो आधी दोराने कंदील सोडायचा आणि कंदील विझला तर उतरायचा नाही. बापाची तशी शिकवण होती. आता कंदील घरीच राहू लागला. एका आटलेल्या जुन्या विहिरीत त्याने यंत्र सोडलं, ते वाजलं, आणि जमील हसत हसत खाली उतरला. त्याला वर काढला तो गळ टाकून.

डॉक्टर म्हणाले, आत हवा वाईट होती. उत्तमरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी माळ्यावरचा जाडजूड कोश काढला. डँप: ओल. खाली बारीक अक्षरांत, आधीचा अर्थ: वाफ, खाणीत साचणारा विषारी वायू. ओल हा अर्थ मागाहून आलेला. ब्लॅक डँप म्हणजे जीव गुदमरवणारी हवा. म्हातारा कोश मांडीवर घेऊन रडला.

तरीही जमीलच्या घरी जायची हिंमत होईना. चाळिसावा दिवस उलटून गेल्यावर ते एका सकाळी त्याच्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"मलिकाबाई, मी अर्थ चुकीचा सांगितला. ते वाजलं की उतरायचं नसतं. जमील माझ्यामुळं गेला."

मलिकाचा चेहरा उतरला.

"सर, मशीन तर म्या पुसेगावच्या भिवाजीला देऊन टाकली. त्योबी ह्येच काम करतो."

"काय सांगून दिली?"

"तुमी सांगितलं तेच. आज त्यो जुन्या हिरीवर हाय."

तिने भिवाजीचा नंबर लावला. रिंग जात राहिली. विहिरीत उतरताना जमील सदरा काठावर काढून ठेवायचा, फोन सदऱ्याच्या खिशातच असायचा. भिवाजीही तसंच करत असेल, हे तिला कळत होतं. तिने पुन्हा नंबर लावला.