बिनक्लचच्या गाडीचे डायव्हरमामा

जगात जे काही बिघडतं ते तापल्यामुळे बिघडतं, आणि जे तापतं ते घाईमुळेच तापतं, यावर डायव्हरमामांइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. दिंद्रुडचे हे गृहस्थ आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची गाडी चालवत. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो आणि कॉलनीत आमच्या घरांना भिंत एकच होती. साहेबांनी पुण्याहून आपोआप गियर बदलणारी एक जुनी गाडी आणली होती. पंचक्रोशीत तिला ‘बिनक्लचची’ म्हणत. डावा पाय रिकामा झाला म्हणून दुसरा डायव्हर खूश झाला असता; मामांनी मात्र लगेच एक काळजी पाळली. या गाडीचा गियर तेलावर चालतो, ते तेल रेडिएटरच्या पाण्यानं गार होतं आणि चढाला तापून करपलं की गियरबॉक्स संपला, असं पुण्याच्या मेकॅनिकनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

झालं! त्या दिवसापासून मामा त्या तेलाचे वैद्य झाले. तेल बघायची पट्टी काढायची, पांढऱ्या धडप्यावर पुसायची, लाल थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मगच “ब्येस हाय” म्हणायचं. थंडीत साहेब दारात ताटकळत असले तरी पाच मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरत ठेवत. “गार तेल बी वंगाळ. झोपंतून उठवून माणसाला कुनी पळवतं का?” साहेबांच्या मेव्हण्याची वरात याच गाडीतून निघाली. पुढे बँडवाले नाचत होते आणि मागे गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मारुतीच्या पाराशी मामांनी एकाएकी बॉनेट उघडलं आणि अख्खी वरात थांबवली. नवरदेवाचा बाप मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडू लागला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “नवरदेव थांबंल, तेल थांबायचं न्हाई.” डिकीत पाण्याचे दोन मोठे डबे कायम भरलेले. ते रेडिएटरसाठी. एकदा खुद्द साहेबांनी त्यातलं तांब्याभर मागितलं, तर मामांनी त्यांना पाव किलोमीटर मागे हापशावर नेलं.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं गार पडलं, लोक जनावरं विकायला काढू लागले. केजला मंत्री येणार होते आणि चारा छावण्या कुणाला द्यायच्या ते तिथेच ठरणार होतं. भर दुपारी आम्ही निघालो. मागे साहेब, पुढे कागदांची पिशवी धरून मी. धारूरच्या घाटात अर्ध्यावर रस्त्यातच एक बैल बसलेला दिसला. शेजारी एक म्हातारी पदरानं त्याला वारा घालत होती. चाऱ्याच्या आशेनं ती लेकीच्या गावाला पायी निघाली होती.

“थोडं पानी हाय का रं बाबा?” तिनं विचारलं.

मामांनी डिकी उघडली, घमेलं काढलं आणि डबा ओतायला सुरुवात केली.

“मामा, ते पाणी गाडीचं हाय ना?” साहेब खाली उतरून म्हणाले.

“व्हय सायब.”

“मग वर तेल तापंल, त्याचं काय?”

“तापंल की. पर ज्याच्यासाठी छावनी मागाया निघालाव, ते हितंच बसलंय. त्याला सोडून कावून जावं?”

बैलानं दोन्ही डबे संपवले आणि बऱ्याच वेळानं तो धडपडत उठला. पुढचा घाट आम्ही वळणावळणाला थांबत चढलो. प्रत्येक थांब्याला साहेब घड्याळाकडे बघत आणि मामा रेडिएटरकडे. तेल करपलं नाही. पण केजला पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या गोळा होत होत्या. छावणी नांदूरघाटला मिळाली होती. आमची आठवड्यानं उघडली, आणि त्या आठवड्यात सभासदांची बरीच जनावरं बाजारात गेली.

साहेब रागावले नाहीत. नुसता हात पुढे करून त्यांनी किल्ली मागितली. मामा पाण्याच्या टँकरवर गेले. नवा डायव्हर तडफदार होता; दिवाळीच्या आत त्यानं गियरबॉक्स जाळला. मामा गॅरेजात जाऊन ते काळं तेल हुंगून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटलं, गाडीचं दुःख. तर म्हणाले, “गाडीचं न्हाई वो. बैल उठला म्हनून बरं वाटतं, अन् तो आठवडा आठवला की घास उतरत न्हाई.”

किल्ली परत दिल्यापासून मामा आणि साहेबांमध्ये धरलेला अबोला पुढे बरीच वर्षं टिकला. मामा निवृत्त झाले त्या दिवशी गेटवर नारळ आणि हार घेऊन एसटीची वाट बघत उभे होते. साहेबांची नवी गाडी, ही साधी, क्लचची, त्यांच्यापुढे येऊन थांबली. साहेबांनी डायव्हरला उतरवलं, स्वतः मागचं दार उघडलं आणि म्हणाले, “बसा मामा. आज मी सोडतो.”

पुढच्या आठवड्यात मी दिंद्रुडला गेलो तेव्हा विचारलं, “काय बोललात मग वाटेत?”

“काय न्हाई. हात कुटं ठिवावं तेच कळंना. सायब क्लच नीट न दाबता गियर टाकायलते. लई वरडत होता गियर.”

“मग?”

“मग काय? उतरताना म्हनलो, सायब, हात लई चांगला हाय तुमचा.”

माझ्या माहितीत मामा गाडीबद्दल एवढं एकच खोटं बोलले.