भागीरथाबाई आणि जिंजरचं पिंप

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या शेजारी चंपतराव राहत. लोको शेडमध्ये फिटर होते. मी शाळेत शिकवून परतायचे तेव्हा ते बहुधा अंगणात काहीतरी खोलून बसलेले असत. कोणाचा स्टोव्ह, कोणाच्या शिलाई मशीनचं चाक. माणूस कमी बोलणारा. पण उन्हाळा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज यायचं, कारण उन्हाळा हा त्यांच्या जिंजरचा मोसम.

जिंजर म्हणजे आल्याची घरगुती बियर. चंपतराव इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते तेव्हा त्यांच्या इंजिनावरच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने ती त्यांना शिकवली. तो ड्रायव्हर पुढे ऑस्ट्रेलियाला निघून गेला, कृती मात्र अजनीत राहिली. ठेचलेलं आलं, साखर, लिंबू आणि बेकरीतून आणलेलं चिमूटभर खमीर, हे सगळं दोन-तीन दिवस मातीच्या मडक्यात आंबवायचं. मग गाळून बाटल्यांत भरायचं, बुचं ठोकायची आणि ती सुतळीने बांधायची. नशा म्हणावी अशी काही नसे. पण उघडताना बूच असं उडे की पोरं टाळ्या पिटत. क्वार्टरांच्या लाइनीतल्या घराघरांत बाटली जायची. माझ्या आईला तर जेवणानंतर घोटभर लागेच.

कौतुक चंपतरावांचं होत असे, आणि त्यात काही चुकीचं नव्हतं. आलं किती ठेचायचं, कधी गाळायचं, ते त्यांनाच कळे. पण बाटल्या धुवायच्या त्यांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी.

या बाटल्या कबाड्याकडून आलेल्या. कशात पूर्वी औषध होतं, कशात सरबत, कशात आणखी काही. उन्हाळ्यात नळ सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ यायचा. घरचं पाणी भरून झालं की उरलेलं बाटल्यांना. राख, सोडा, तारेचा ब्रश, मग कढत पाणी. भागीरथाबाई मोरीच्या कडेला उकिडव्या बसत आणि एकेक बाटली उजेडाकडे धरून पाहत. लोक रिकाम्या बाटल्या तशाच परत करत. तळाशी वाळलेला गाळ, त्यात मुंग्या. मी एकदा म्हटलं, "भागीरथाबाई, ज्यांनी प्यायली त्यांनी निदान विसळून द्यावी."

"देत नाई न बाई लोकं," त्या म्हणाल्या. "मोठ्या घरचे बी देत नाई. मांगून मांगून थकली मी. आता मांगतच नाई."

त्या बोलल्या तेही ब्रश न थांबवता.

त्या वर्षी एप्रिलातच उन्हाने कहर केला. बाटल्या पलंगाखाली ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. दुपारी पोतं ओलं करायला भागीरथाबाई वाकल्या, एक बाटली सरळ करायला हातात धरली आणि ती हातातच फुटली. तळवा चिरला. आवाज ऐकून मी धावत गेले तेव्हा खोलीभर आल्याचा वास होता आणि त्या भिंतीला टेकून, हाताला पदर गुंडाळून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

टाके घालून आल्यावर संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मी तिथेच होते.

"आता बाटली मी धुणार नाई."

"हात बरा होऊ दे न वं."

"हात बरा झाला तरी नाई."

चंपतरावांनी पलंगाखाली वाकून उरलेल्या बाटल्या मोजल्या. मग म्हणाले, "मंग जिंजर बंद करावं लागते."

"ते तुमचं तुमी पाहा. मी बाटलीचं सांगून राहिली."

चंपतरावांना जिंजर सोडवेना. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, मुलगा भिलाईला, शेडमध्ये डिझेलची इंजिनं यायला लागलेली. त्यांच्या हाताला विचारणारं एवढंच उरलं होतं. आठ दिवसांनी ते सायकलच्या कॅरियरवर दूधवाल्याची एक जुनी, भली मोठी पितळी कॅन बांधून घेऊन आले.

"हे पाहा," ते बायकोला म्हणाले. "एकच भांडं. एकदा धुतलं का झालं. बाटलीचं नाव नाई."

कॅनला आतून कल्हई करून घेतली. झाकणाला रबर बसवलं, वरून लोखंडी पट्टी आणि स्क्रू. जादा दाब निघून जावा म्हणून वर स्प्रिंगची छोटी झडप लावली. तळापासून चार बोटं वर तोटी, म्हणजे गाळ खाली राहावा. सगळी लाइन त्या कॅनला पिंप म्हणू लागली. शेजारचे शालिकराम, जे तिकीट तपासनीस होते आणि कशालाही नावं ठेवत, ते लांबून म्हणाले, "चंपतराव, फुटलं तं अर्धी अजनी उडन गा!"

"बॉयलर फुटलं नाई माह्या हातून आजवर," चंपतराव म्हणाले. "हे काय फुटते."

पिंप उघडायचं ठरलं रविवारी संध्याकाळी. शेडचे निवृत्त फोरमन मनोहरराव यांना मुद्दाम बोलावलं. त्यांना पहिला गिलास. तोटी फिरवली, फेसाळ जिंजर आलं, सगळ्यांनी वाहवा केली. मनोहररावांनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की शालिकरामांनी आपला गिलास खाली ठेवला.

"चंपत, हे कळकलं गा."

भागीरथाबाई दारात उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "तोटीले कल्हई केली का?"

तोटी इंजिनाच्या सामानातली, कोऱ्या पितळेची. लिंबाचं पाणी रात्रभर तिच्यात अडकून बसलेलं. ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक. पण चंपतरावांच्या लेखी कॅन हे भांडं होतं आणि तोटी हा पार्ट. पार्टला कोणी कल्हई करतं का! सगळे हसले. तेही हसले, पण कान लाल झाले होते. पुढच्या आठवड्यात तोटीही कल्हईवाल्याकडे गेली.

त्यानंतर मात्र पिंप उत्तम चाललं. आणि तिथेच भागीरथाबाईंचा खरा त्रास सुरू झाला.

बाटली घरोघर जायची. पिंप कुठे जाणार? लोकच येऊ लागले. एकदा उघडलं की त्यातली हवा निघून जायची, दुसऱ्या दिवशी नुसतं आल्याचं गोड पाणी. म्हणून ज्या दिवशी उघडलं त्याच दिवशी संपवायचं. संध्याकाळी अंगणात सडा टाकायचा, सुतळीच्या बाजा मांडायच्या, शेडची मंडळी बसायची. नुसतं जिंजर कसं द्यायचं, म्हणून चिवडा, कांद्याची भजी. गिलास कमी पडायचे, म्हणून उष्टे आत यायचे, विसळून पुन्हा बाहेर जायचे. आणि बाटली घरात यायची तेव्हा बायकांनाही मिळायचं. आता पुरुषांच्या बैठकीत कोण बाई जाणार? माझ्या आईने दोनदा विचारलं, "यंदा जिंजर नाही का गं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

चंपतरावांना यातलं काही दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना वाटत होतं की बाटल्या गेल्या म्हणजे प्रश्न गेला.

जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी मंडळी उठून गेल्यावर मी पीठ चाळायची चाळणी परत करायला गेले. अजून उजेड होता. भागीरथाबाई मोरीपाशी पाटावर बसून, डोकं भिंतीला टेकून झोपल्या होत्या. समोर उष्ट्या गिलासांचा ढीग, नळाची धार चालू, हात मांडीवर तसाच ओला. तळव्यावरचा व्रण पाण्याने पांढरा पडला होता.

चंपतराव बाजा आत आणत होते. त्यांनी बाज तिथेच टेकवली. नळ बंद केला. मग पिंपाजवळ जाऊन एक गिलास भरला. शेवटचा होता, पण गाळाच्या वरचा, स्वच्छ. तो घेऊन ते बायकोसमोर बसले.

"उठ वं. हे घे."

त्या दचकून उठल्या. "कोणाचं राह्यलं?"

"कोणाचं नाई. तुह्यासाठी आहे."

त्यांनी गिलासाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला बाटलीच्या तळाचंच आलं होतं, तेही धुण्याआधी फेकायचं जिवावर येई म्हणून. त्यांनी सावकाश, पुरा गिलास प्यायला. चंपतराव फोरमनच्या तोंडाकडे पाहावं तसे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं आहे?"

"ठीक आहे," भागीरथाबाई म्हणाल्या. "पण येच्यापेक्षा पन्हं बरं लागते."

मला हसू आलं, पण चंपतरावांचा चेहरा पाहून ते ओठांतच राहिलं.

"मंग इतके वर्षं बाटल्या काहून धुतल्या तू?"

"लगन होऊन आली तवा तुमच्या मायनं समोर ठेवल्या न. मले वाटलं, धुवाच्याच असतात."

त्यात राग नव्हता. तेच ऐकायला जड गेलं. चंपतरावांनी बाह्या वर सारल्या, पाट ओढला आणि गिलास घासायला घेतले. इंजिनाचा पार्ट घासावा तसे जोर लावून घासत होते. "फुटन," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि बाजेवर जाऊन आडव्या झाल्या. मी चाळणी ओट्यावर ठेवून निघाले.

त्या उन्हाळ्यात पिंप पुन्हा उघडलं नाही. पुढच्या मार्चात चंपतरावांनी ते बाहेर काढलं, पुसलं, आणि पहिल्यांदाच बायकोला विचारलं, "भरू का?"

"भरा," त्या म्हणाल्या. "पण गिलास ज्याचा त्यानं आणावा. धुवून न्यावा. आणि भजे मी तळणार नाई."

हे लाइनभर सांगायला शालिकरामांएवढा योग्य माणूस दुसरा नव्हता. त्यांनी ते चार नावं ठेवून, पण अगदी शब्दशः सांगितलं. त्या रविवारी मी पिशवीत आमचा स्टीलचा पेला घालून गेले, आईसाठी झाकणाची लोटी घेतली. माझ्यामागे शालिकरामांच्या घरच्या गोपिकाबाई, पदराआड गिलास घेऊन, दाराशी थबकलेल्या. "या न वं, लाजून काय राहिल्या," भागीरथाबाईंनी बसल्या जागेवरूनच हाक दिली.

त्या अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची घरात एकच होती आणि तिच्यावर एरवी फोरमन बसत. मनोहरराव बाजेच्या कडेला सरकून बसले होते. चंपतराव वाकून तोटी सोडत होते, एकेकाचा पेला भरून देत होते. त्यांची कंबर भरून आलेली दिसत होती.

"तुम्ही नाही घेत?" मी भागीरथाबाईंना विचारलं.

"नाई जी," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.