समजावून सांगण्याची अट

तुमच्याकडे परदेशात इस्राएल आणि पॅलेस्टिनींच्या भांडणावरून मोर्चे निघतात असं तुम्ही नातवंडं फोनवर सांगता. इथे आमच्या मळमड्डी भागात त्याची गाठ एका नोकरीशी पडली, म्हणून लिहून ठेवते.

इथल्या कॉलेजात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकायला येत असे. घर हुबळीला, आई नाही, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. इस्राएलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं काम तिला मिळण्याजोगं होतं आणि त्याची मुलाखत इंग्रजीत व्हायची होती. एके दिवशी ती आली ती नुसतीच बसून राहिली.

"अज्जी, अप्पा नको म्हणतात."

"का?"

"रोज टीव्ही बघतात की. म्हणाले, तिथे कोण कुणाशी कशाला भांडतंय ते तुला तरी ठाऊक आहे का? मला नीट समजावून सांग, मग जा. तेही घरात नको, विहारात सगळ्यांसमोर."

त्यांच्या वस्तीत रविवारी बुद्धवंदना झाली की कुणीतरी उठून एखाद्या विषयावर बोलतं आणि बाकीचे प्रश्न विचारतात. अप्पांनी ही अट तिथेच, चारचौघांत घातली होती.

"मग, ठाऊक आहे का तुला?" मी विचारलं.

"ज्यू आणि मुसलमान."

"झालं?"

"झालं."

माझा विषय इंग्रजी, इतिहास नव्हे. पण कुठलीही गोष्ट विस्कटलेली बघवत नाही, हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आधी आम्ही ॲटलास उघडला. आपल्या भागातले तीन-चार जिल्हे एकत्र केले तर होईल एवढीच ती जमीन, हे बघून ती म्हणाली, "एवढ्याशासाठी?" अरबांत ख्रिस्तीही आहेत आणि कितीतरी ज्यू अरब देशांतूनच आलेले आहेत, हे कळल्यावर तिचं पहिलं उत्तर तिनेच मागे घेतलं.

मग मी एक पद्धत ठरवली. एका संध्याकाळी तिने एकाच बाजूने बोलायचं, जणू ती त्यांच्याच घरात जन्मली आहे, आणि "पण" म्हणायचं नाही. पहिल्या संध्याकाळी ती इस्राएली होती. आम्हाला देशोदेशी हाकललं, युरोपात लाखोंनी मारलं, तेव्हा कुणी दार उघडलं नाही. आमचं राज्य झालं त्याच वेळी शेजारच्या फौजा चालून आल्या. आजही घरात शिरून आमची माणसं मारतात, धरून नेतात. दुसऱ्या संध्याकाळी ती पॅलेस्टिनी अरब होती. आम्ही इथेच राहत होतो, इथे आमची झाडं होती. इंग्रजांनी आमची जमीन आम्हाला न विचारता दुसऱ्यांना देऊ केली. लढाईत आम्ही घराबाहेर पडलो ते आम्हाला परत येऊ दिलं नाही. उरलेल्या जमिनीवर लष्कर आलं, टेकड्यांवर त्यांच्या वसाहती आल्या. गाझात आमची मुलं बॉम्बखाली आणि उपाशी मरताहेत.

शेजारचे निवृत्त वकील त्यांच्या व्हरांड्यातून ऐकत असत. त्या दुसऱ्या संध्याकाळी त्यांना राहवलं नाही.

"काय ही पोरगी! काल तर उलटं म्हणत होती की."

"काल तिचे अशील वेगळे होते," मी म्हटलं. त्यावर ते पेपर घेऊन आत गेले.

ठरलेल्या रविवारी मी बसने हुबळीला गेले. विहारात सगळे सतरंजीवर बसले होते. माझे गुडघे पाहून त्यांनी खुर्ची आणली. मुलगी उभी राहिली आणि मराठीत बोलू लागली, मध्येच कन्नडात जाई, परत येई. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पहिल्या भागात बायका हळहळल्या. दुसऱ्या भागातही त्याच बायका हळहळल्या, आणि मग अस्वस्थ झाल्या.

पुढे बसलेली तिची आत्या म्हणाली, "म्हणजे ज्यांना सगळ्यांनी हाकललं, त्यांनी येऊन दुसऱ्यांना हाकललं?"

"ते दुसरे तसंच म्हणतात, आत्या. हे म्हणतात, आम्हाला जायला जागाच नव्हती आणि लढाई आम्ही काढली नाही."

"आणि खरं कुणाचं गं?"

"दोघांच्या घरांत माणसं मेली, ते खरं. कुणाचं किती चुकलं ते सांगायला मला अजून पुष्कळ वाचायला पाहिजे."

मागून एक तरुण म्हणाला, "एवढे बॉम्ब टाकणाऱ्यांकडे चाकरीला जाणार, आणि आम्हाला इतिहास सांगतेस होय?"

"एका म्हातारीला अंघोळ घालायला जाणार," ती म्हणाली. "आणि पगार चांगला आहे म्हणून जाणार. ते मी कुठे लपवलं?"

थोडा हशा झाला. अप्पा हसले नाहीत. ते खांबाला टेकून बसले होते, तिथूनच त्यांनी विचारलं.

"सायरन झाला. खाली तळघरात पळायचं आहे. म्हातारीला उठता येत नाही. तू काय करशील?"

आमच्या संध्याकाळच्या तयारीत हे नव्हतं. आम्ही सगळी युद्धं क्रमाने लावली होती, जिन्याचा विचार केला नव्हता.

"तिच्याजवळ थांबेन."

"बघा," अप्पा सगळ्यांना म्हणाले. "म्हणूनच नको म्हणतो." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही पाठवाल का तुमच्या नातीला?"

"माझी नातवंडं मला विचारून गेली नाहीत."

या वेळी जास्त हसले लोक. अप्पांनी सोडलं नाही. "विचारलं असतं तर?"

"नसतं पाठवलं," मी म्हटलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असं मी म्हणणार नाही. तिने ते उत्तर ऐकून घेतलं, जसं ती आधीची ऐकत आली होती, आणि वडिलांकडे वळली.

"अप्पा, समजावून सांग म्हणाला होतात. पटवून दे, असं नव्हतं म्हणाला. तुम्हाला समजलं का?"

आत्याच म्हणाली, "तिचं बरोबर आहे बघ रे. याच जागेवर बसून म्हणाला होतास, मी होते की इथे."

"अक्का, तू गप की."

"मी गप बसते. शब्द कसा गप बसेल?"

अप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "समजलं," ते म्हणाले. एवढंच. मग उठून चपला शोधायला बाहेर गेले.

उन्हाळा सुरू होण्याआधी ती गेली. मुलाखतीत तिला भांडणाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं उचलतात, ते विचारलं.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी तिचे अप्पा माझ्याकडे येतात. पहिल्या खेपेला दारातच उभे राहिले, म्हणाले, तिचं तिथलं गाव नकाशात दाखवा. मी दाखवलं. सरहद्द तिथून किती लांब, हे त्यांनी बोटाने मोजलं आणि मला न सांगता मनात ठेवलं. आता बसतात, चहा घेतात. टीव्हीवर ऐकलेली नावं विचारतात: हे गाव कुणाचं, हे लोक आधी कुठे होते, हे त्यांना कधी मिळालं. जे ठाऊक आहे ते मी क्रमाने सांगते. बाकीचं पुढच्या वेळेपर्यंत वाचून ठेवते.

गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, "यांच्यात समेट होईल का, मॅडम?"

"मला माहीत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले, "मग त्या सदुसष्ट सालच्या लढाईनंतर काय झालं, ते सांगा."