काट्याचं कनेक्शन

"इसका हाथ लगा है, बंद तो होगा ही."

साहेब हे सगळ्यांसमोर बोलला. उरला औद्योगिक वसाहतीतल्या, लोखंडाच्या रोलिंग मिलचं ऑफिस. बाहेर वजनकाट्यावर माल भरलेले ट्रक अडकलेले. काट्यावरचा कॉम्प्युटर डेटाबेसला जोडला जात नव्हता, म्हणून वजनाची पावती निघत नव्हती. डेटाबेस मी सांभाळत होती.

सगळे हसले.

मी रुजू झाली तेव्हा याच साहेबानं माझं आडनाव पुन्हा पुन्हा विचारलं होतं. मग बाप काय करतो, तेही. तेव्हापासून सगळ्यांना चहा चिनी मातीच्या कपात, मले कागदी. हात म्हणजे कोणता हात, ते मले बरोबर समजलं.

मी कामाला लागली. सर्व्हरवर बसून पाहिलं तर डेटाबेस लगेच उघडे. काट्यावरून पाहिलं की नुसतं फिरत राहे, शेवटी टाइमआउट. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून आलं असतं. इथं उत्तरच नाही. म्हणजे काट्याची हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. आदल्या दिवशी मालकाच्या पुतण्यानं नवा राउटर बसवला होता.

"सर, नेटवर्क चेक करवाइए," मी म्हटलं.

"पहले अपना घर देखो."

डेटाबेस बंद कर, चालू कर. पुन्हा बंद कर. हेच करवून घेतलं. ट्रकवाले खिडकीशी येऊन शिव्या देऊन राहिले होते. त्याही मलेच.

दुपारी मी पुतण्याकडं गेली. "भैया, काँटे का आईपी बदला है क्या?"

मोबाइलमधून मान वर न करता तो म्हणाला, "हाँ, सब नया कर दिया."

सर्व्हरपर्यंत कोणाला सोडायचं ते ठरवणारी फायरवॉल त्याच्याच ताब्यात. तिच्यात परवानगी अजून काट्याच्या जुन्याच आयपीला, म्हणजे पत्त्याला होती. बाजूला उभी राहून मी त्याला नवा पत्ता टाकायला लावला. पावती निघाली.

संध्याकाळी साहेबानं बोलावलं. "कल मीटिंग में बोल देना, डेटाबेस की गलती थी. सॉरी बोलो, बात खतम. लड़का नया है."

गुढियारीला घरी आली. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणून टाक ना सॉरी. आम्ही किती वेळा म्हटलं."

"काहून म्हणत होते, बाबा?"

ताटाकडं पाहत ते म्हणाले, "तुले शिकवाचं होतं."



दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मालक समोर. साहेबानं मले खूण केली. मी उभी राहिली.

"डेटाबेस चालू था. काँटे का आईपी बदला गया, फायरवॉल में डाला नहीं गया. मुझे झूठी माफी माँगने को कहा गया है. मैं नहीं माँगूँगी. और मेरे हाथ के बारे में जो बोला, उसका मतलब सर यहीं बताएँ."

साहेब पाणी प्यायला. पुतण्या मोबाइलात. मालक म्हणाला, "आगे क्या है?" आणि मीटिंग पुढं सरकली.

त्याच आठवड्यात माझ्याकडून सर्व्हरचा पासवर्ड काढून घेतला. आता मी काट्याच्या केबिनमध्ये बसते. दिवसभर लोखंडाची धूळ. साहेबाला वाटते, कंटाळून मी स्वतःच राजीनामा देईन.

देणार नाही. काढायचं असेल तर काढा. पण कारण तोंडानं सांगा, सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांत पाहून. तोवर मी उठत नाही.